सवलतीचे मानकरी कोण?

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी भांडी आणि विजेची उपकरणे विकणाऱ्या एका दुकानावर पाटी लागली होती : ‘शासकीय-निमशासकीय कर्मचारी, शिक्षक व पोलीस बांधवांसाठी खास सवलत. ओळखपत्र आवश्यक.’ मी अनुदानित शाळेत शिक्षक. ओळखपत्र खिशातच होते. मिक्सर घेतला, कार्ड दाखवले, दहा टक्के वाचले. गल्ल्याजवळ उभा असतानाच आमच्या वस्तीतील एक बाई कुकर घेऊन आल्या. गावचा मुख्य रस्ता त्या पहाटे पाचपासून झाडतात. गेली अकरा वर्षे झाडतात. अंगात नगरपरिषदेचे नाव छापलेले जॅकेट होते. दुकानदाराने ओळखपत्र मागितले. त्यांनी गळ्यातले कार्ड पुढे केले. त्यावर ठेकेदाराचे नाव होते. दुकानदार म्हणाला, ‘हे चालत नाही, बाई.’ त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘सर, पाठीवर नगरपरिषद आणि गळ्यात ठेकेदार. मग मी नेमकी कुणाची?’ मी काही बोललो नाही. कुकरचे पूर्ण पैसे देऊन त्या गेल्या. वाचलेले पैसे घेऊन मीही घरी आलो.

त्या प्रश्नाला उत्तर देणे मला भाग आहे. प्रश्न एका कुकरवरच्या दहा टक्क्यांचा आहे असे वाटून आपले कार्यकर्ते तो बाजूला सारतील, याची मला कल्पना आहे. जिथे आजही माणसे गटारात गुदमरून मरतात तिथे दुकानातील सवलतीवर लेख कसला लिहायचा, असे कोणी विचारील. पण एखादी व्यवस्था कोणाला आपले मानते हे तिच्या घोषणांवरून कळत नाही, तिच्या याद्यांवरून कळते. सवलतीस कोण पात्र याची यादी ही अशीच एक यादी आहे. समाजाची सेवा कोण करतो आणि त्याबद्दल समाज कोणाचे देणे लागतो, याचा हिशेब त्या यादीत मांडलेला असतो. त्या हिशेबात झाडूवाली बसत नाही आणि मी बसतो, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

आधी ‘सवलत’ हा शब्दच तपासून पाहू. आपल्या वाट्याला हा शब्द शिवीसारखा आलेला आहे. शाळेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, कचेरीत बढतीची यादी लागताना ‘सवलतीवाले’ आणि ‘सरकारचे जावई’ हे आपण ऐकत आलो. घटनेने दिलेल्या प्रतिनिधित्वाच्या हक्काला सवलत म्हणून हिणवले गेले. तीही केव्हा काढून घेतली जाईल याचा नेम नव्हता. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्यांनी धर्म बदलला एवढ्याच कारणावरून अनुसूचित जातींच्या सवलती गमावल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने नवबौद्धांना त्या दिल्या. पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. माणूस तोच, वस्ती तीच, विटाळ तोच. यादीतली जागा तेवढी गेली. उलट पगारदार पांढरपेशांना मिळणारी कर्जावरची सूट, प्रवासाची सूट, खरेदीवरची सूट हिला कोणी हिणवत नाही. तिला ‘सेवेचा सन्मान’ म्हणतात. एकच शब्द खालच्याला मिळाला की भीक होतो आणि वरच्याला मिळाला की मान होतो. पात्रतेचा वाद सुरू होण्यापूर्वीच अर्धा निकाल असा लागलेला असतो.

आता लोकसेवक कोण, या मूळ प्रश्नाकडे वळू. सरळ उत्तर असे की, ज्याच्या कामावाचून सर्वांचे जगणे अडते तो. गावातला नळ, दिवा, दवाखाना, शाळा, रस्ता, गटार ज्यांच्या हातांनी चालते ते सगळे लोकसेवक. पण सवलतीच्या योजना हा अर्थ घेत नाहीत. त्या नेमणुकीचा आदेश पाहतात. आदेशावर शासनाचे बोधचिन्ह असेल तर सेवक, ठेकेदाराचा शिक्का असेल तर परका. सैन्याचेच उदाहरण घ्या. १९४८ साली सुरू झालेल्या कॅन्टीन भांडार विभागामुळे सैनिकाला आणि माजी सैनिकाला स्वस्तात माल मिळतो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि कॅन्टीनही नाही. सीमा तीच, बंदूक तीच. नेमणुकीचा प्रकार बदलला की सेवेचे मोल बदलते.

अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत ही विसंगती अधिक उघडी पडते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या बाया पोरांची वजने घेतात, आहार देतात, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवतात, शासन सांगेल ती सर्वेक्षणे करतात. त्यांना पगार नाही, मानधन आहे. त्या कर्मचारी नाहीत, मानसेवी आहेत. कर्नाटकातील एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या शासकीय पद धारण करीत नाहीत असे सांगितले. ठीक आहे. मग मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच बायांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेचा कायदा, कोणत्या नात्याने लावला? विधिमंडळात आणि बाहेर विरोध झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली, हे खरे. पण शासनाच्या मनातला विचार तेवढ्यात उघड झाला. संप करायचा म्हटले की बाई अत्यावश्यक, आणि सवलत मागायची म्हटले की बाई मानसेवी. मला तरी यातून एक साधा नियम सुचतो : जिला संप करण्यास बंदी करता येते, ती लोकसेवक आहे. बंदीच्या यादीत जिचे नाव घालता, तिचे नाव सवलतीच्या यादीत घालावेच लागेल.

‘मान’ या शब्दाकडेही आपण संशयाने पाहायला शिकले पाहिजे. मुंबईत कचरा उचलणाऱ्या कामगारांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला मानधन. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगार महापालिकेचेच कामगार आहेत हे मान्य केले. म्हणजे इतकी वर्षे जे पात्र नाहीत असे सांगितले जात होते ते पहिल्या दिवसापासूनच पात्र होते. फक्त कागद खोटा होता. २०२२ साली गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटी मान्य करताना मानधन हे वेतनच आहे असे म्हटले, तेही याच अर्थाने महत्त्वाचे आहे. जिथे जिथे शासन कामगाराच्या नावामागे मान लावते तिथे तिथे त्याच्या वेतनातून काहीतरी कापलेले असते. ‘सफाई मित्र’ आणि ‘कोरोना योद्धा’ हे शब्द याच घराण्यातले.

हे सर्व आपल्याला नवे नाही. आपण या देशातले सर्वांत जुने लोकसेवक आहोत, हे विधान मी उपहासाने करीत नाही. वतनदार महार हा सरकारी नोकरच होता. सरकारी वसुली खजिन्यात पोचवणे, चावडीवर राबणे, निरोप आणि मर्तिकाची खबर नेणे, गावच्या सीमा दाखवणे, मेलेली गुरे ओढणे, येणाऱ्या अंमलदाराच्या पुढे धावणे ही सगळी कामे त्याची. कामाचे तास ठरलेले नव्हते. तो घरी नसेल तर बापाने, भावाने, बायकोने हजर व्हायचे. या सेवेबद्दल त्याला काय मिळे? जमिनीचा तुकडा, रयतेकडून बलुते, आणि परंपरेने बावन्न म्हणून सांगितलेले हक्क. या हक्कांत मेलेल्या जनावराचे कातडे होते, सणासुदीची भाकरी होती, खळ्यावरचा खाली सांडलेला दाणा होता. आजच्या भाषेत बोलायचे तर ती सवलतींची योजना होती. पगाराच्या जागी सवलत दिलेली होती. रयतेची मर्जी गेली की बलुते बंद होई, सेवा मात्र बंद करता येत नसे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, ते या जखमेचे नाव होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यातील मागण्या आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. ज्याला वतनाची सेवा सोडायची आहे त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे होता यावे. बलुत्याचे रूपांतर रोख पैशात व्हावे. कामे कोणती हे निश्चित व्हावे. बावन्नचे त्रेपन्न हक्क करा असे त्यांनी म्हटले नाही. सवलतीची किंमत ठरवा, ती रोखीने द्या आणि माणूस मोकळा करा, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ साली ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. तोपर्यंत बाबासाहेब राहिले नव्हते.

वतन गेले, पण सेवेची उतरंड गेली नाही. ती नव्या खात्यांत शिरली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे दाखवून दिले होते. दलित माणूस गँगमन म्हणून आयुष्यभर रुळांवर राबे. पण त्याला पोर्टरही होता येत नसे, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करायचे असे आणि विटाळ आडवा येई. रेल्वे सरकारची की कंपनीची, हा वादच गौण होता. कोणत्या कामाला कोणते नाव आणि त्या नावाला कोणते हक्क, हे जात ठरवीत होती. १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या नव्या व्याख्येने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हाही नुसती नोकरी गेली नाही, पलटणीतली शाळा गेली, निवृत्तिवेतन गेले, पुढच्या पिढीचे शिक्षण गेले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सैन्यभरतीसाठी पाठविलेला अर्ज हा पात्रतेच्या यादीत परत नाव घालण्यासाठीचाच अर्ज होता. पात्रता या शब्दामागे किती आयुष्ये अडकलेली असतात ते यावरून दिसते.

आणि आज कायदा काय म्हणतो? २०२० ची व्यावसायिक सुरक्षेची संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमू नयेत असे ती म्हणते. पण मुख्य काम कोणते हे सांगताना झाडणे, पुसणे, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे तिने बाहेर काढले आहे. आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली असेल तरच ते मुख्य. कारखान्यापुरते हे कोणी मान्य करील. पण नगरपालिका कशासाठी उभारलेली असते? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यापासून सफाई हे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. तरीही ठेका दिला जातोच. कचेरीतला कारकून संस्थेच्या आतला आणि झाडू बाहेरचा, हा विचार गावकुसाच्या रचनेतून आलेला आहे. गावही असेच म्हणत असे : काम आमचे, माणूस बाहेरचा.

काही मित्र म्हणतील, व्याख्या बदलायची म्हटली तरी सोपे नाही. कामावरून पात्रता ठरवू लागलो तर अंत राहणार नाही. हे खरे नाही. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सुमारे २२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला. त्यात डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी आणि आशा सेविका यांची नावे घेतली गेली. खाजगी, निवृत्त, कंत्राटी, रोजंदारी, स्वयंसेवक असे सगळे कोरोनाच्या कामावर घेतले तर त्यात बसतील, असे योजनेत लिहिले. म्हणजे सरकारला कामाची आणि धोक्याची कसोटी लिहिता येते. भीती खरी होती तेव्हा ती चार ओळींत लिहून झाली. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला भरपाई देतानाही, २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम होता की ठेक्यावर हे विचारले नाही. मेल्यावर ज्याला समान मानता, त्याला जिवंतपणी यादीबाहेर का ठेवता, एवढाच माझा प्रश्न आहे.

तेव्हा माझे म्हणणे चार गोष्टींत मांडतो. पहिली : पात्रता कामावर ठरावी, आदेशावर नाही. सफाई, पाणी, आरोग्य, वाहतूक, शिक्षण, अग्निशमन, पोषण या कामांत जो प्रत्यक्ष राबतो तो पात्र. त्याचा मालक नगरपालिका असो, ठेकेदार असो की बचत गट. दुसरी : सवलतीचा पैसा थोडा असेल तर सुरुवात खालून व्हावी. ज्याचे मासिक उत्पन्न सर्वांत कमी आणि धोका सर्वांत जास्त तो आधी. सातवा वेतन आयोग घेणारा माझ्यासारखा शिक्षक शेवटी, आणि पैसा उरला नाही तर मुळीच नाही. तिसरी : पुरावा देण्याचा भार कामगारावर नको. ज्या संस्थेचे काम तो करतो तिने त्याला स्वतःच्या नावाचे ओळखपत्र द्यावे. भविष्यनिर्वाह निधीची, राज्य विम्याची नोंद असतेच. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यावा हे १९७० च्या कायद्यानेच सांगितले होते. पगाराची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला एक कार्ड छापणे जड जाऊ नये. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : सवलत वेतनाच्या जागी कधीही येता कामा नये. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लावले आहे. ते न देता कुकरवर दहा टक्के देणे म्हणजे त्रेपन्नावा हक्क देणे होय.

याहून मूलगामी आक्षेप असा येईल की, धंद्यावरून सवलत देणेच चुकीचे. जी गरज सर्वांची ती सर्वांना द्यावी. मला हे बऱ्याच अंशी पटते. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. च्या तिकिटात सगळ्याच बायकांना निम्मी सूट मिळाली. त्या गाडीत कंडक्टर कोणा बाईला तुझा मालक कोण असे विचारत नाही. प्राध्यापिका आणि झाडूवाली एकाच दराने एकाच बाकावर बसतात. प्रवास, औषध, शिक्षण या गोष्टी अशाच व्हाव्यात. परंतु जोपर्यंत सेवेच्या नावाने वेगळी यादी केली जाते, जोपर्यंत दुकानापासून बँकेपर्यंत ‘कर्मचारी बांधवां’साठी पाट्या लागतात, तोपर्यंत त्या यादीवरचा आपला दावा सोडून देणे म्हणजे लोकसेवक हे नावच वरच्यांना आंदण देणे. पाणवठ्याला पर्यायी विहीर खोदता येते, म्हणून चवदार तळ्यावर जायचे नाही, असे आपण कधी म्हटले नाही.

शेवटी आपल्या स्वतःविषयी लिहिले नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. आरक्षणामुळे आपल्यात कायम नोकरीवाल्यांचा एक थर तयार झाला. मी त्याच थरातला. आमच्या संघटनांचे मेळावे होतात, बढत्यांतील आरक्षणावर ठराव होतात, जयंतीला मोठे मंडप पडतात. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी काढलेले उद्‌गार आम्ही दर वर्षी भाषणात वापरतो. पण आमच्याच शाळेत शौचालये धुणारी बाई किती रुपयांवर येते हे आमच्यातल्या कितीकांना ठाऊक आहे? ठेकेदारी आली तेव्हा कायम जागा पहिल्यांदा कोणत्या कामाच्या गेल्या? सफाईच्या, शिपायाच्या, पहारेकऱ्याच्या. म्हणजे आपल्या बहुसंख्य लोकांच्या. त्या जागांबरोबर आरक्षणही गेले, कारण ठेकेदाराला बिंदुनामावली नसते. आम्ही मात्र आपली कार्डे खिशात जपून ठेवली. कार्ड खिशात असलेला माणूस पात्रतेच्या व्याख्येवर बोलत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. दुकानात मी जो गप्प राहिलो तो भित्रेपणाने नव्हे. मला त्या क्षणी ती यादी बरोबरच वाटली होती. हे कबूल करायला मला पुढचे कित्येक दिवस लागले.

आमच्या कर्मचारी संघटनेच्या तालुका शाखेपुढे मी एक ठराव ठेवला आहे. नगरपरिषदेच्या ठेक्यावरील सफाई कामगारांना, अंगणवाडी आणि आशा सेविकांना, शाळांतील रोजंदारीच्या मदतनीसांना नगरपरिषदेने आणि संबंधित खात्यांनी स्वतःच्या नावाची ओळखपत्रे द्यावीत. आणि ती मिळेपर्यंत आमच्यापैकी कोणीही कर्मचारी म्हणून बाजारातली सवलत घेऊ नये. पहिल्या भागाला सर्वांनी हात वर केले. दुसऱ्या भागावर चर्चा पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाली आहे. त्या बैठकीला मी त्या बाईंना बोलावले आहे. त्यांनी मला दुकानात जे विचारले ते त्या आता सर्वांसमोर विचारणार आहेत, आणि या वेळी कोणालाही गप्प राहता येणार नाही.